कचऱ्यावरचा हक्क, शहराचे हित

पुण्यात दररोज सकाळी लाखो घरांच्या दाराशी कचरा नेण्यासाठी ज्या महिला येतात, त्यांतील बहुसंख्य महिला महापालिकेच्या नोकर नाहीत आणि कोणा ठेकेदाराच्या मजूरही नाहीत. त्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद, म्हणजेच मालक आहेत. एकेकाळी कचराकुंडीत उतरून कागद, काच आणि पत्रा वेचणाऱ्या या महिलांनी संघटित होऊन शहराच्या घनकचरा व्यवस्थेत स्वतःचे स्थान कसे मिळवले, आणि त्यातून शहराचे जीवनमान अधिक शाश्वत होण्यास कशी मदत झाली, याचा हा आढावा.

शहर शाश्वत व्हावे, असे सर्वच म्हणतात. परंतु ते कोणाच्या श्रमांतून व्हावे आणि त्या श्रमांचे मोल कोणी द्यावे, याविषयी फारसे बोलले जात नाही. पुण्याच्या अनुभवाचे महत्त्व या दुसऱ्या प्रश्नात आहे.

प्रश्न कचऱ्याचा की मिश्रणाचा?

भारतीय शहरांतील घरगुती कचऱ्यात वजनाने निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओल्या, म्हणजेच कुजणाऱ्या कचऱ्याचा असतो. भाज्यांची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न, चहाचा चोथा, देवापुढील निर्माल्य ही त्याची नेहमीची रूपे होत. उरलेल्या भागात रद्दी, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्र्याचे डबे, काच, कापड आणि वेष्टने येतात. यांपैकी कोणतीही वस्तू स्वतंत्रपणे पाहिली तर ती मोठी समस्या नाही. भाजीच्या देठांचे उत्तम खत होते आणि पुठ्ठ्याला बाजारात भाव असतो. मात्र दोन्ही एकाच पिशवीत पडले की ओला झालेला पुठ्ठा विकत घेण्यास कोणी तयार होत नाही आणि प्लास्टिकचे तुकडे मिसळलेले खत शेतकरी शेतात टाकू इच्छित नाही. दोन उपयुक्त पदार्थांच्या मिश्रणातून एक निरुपयोगी ढीग तयार होतो.

हा ढीग पुढे कचरा डेपोत जातो. तेथे थरांवर थर साचले की आतल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. हवेविना कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता धरून ठेवतो. तोच वायू डेपोतील आगींनाही खतपाणी घालतो. पावसाचे पाणी ढिगातून झिरपले की काळसर, दुर्गंधीयुक्त द्रव तयार होतो आणि तो आसपासच्या विहिरींत उतरतो.

पुण्याच्या कचऱ्याचा हा भार दीर्घकाळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वाहिला. दूषित पाणी, दुर्गंधी आणि माश्यांचा उपद्रव यांना कंटाळून तेथील ग्रामस्थांनी अनेकदा आंदोलने केली आणि कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्या काळात शहरातील रस्त्यांवर कचरा साचू लागला, तेव्हा आपला कचरा कोणाच्या तरी अंगणात जाऊन पडतो, याची जाणीव अनेक पुणेकरांना झाली.

वेचणारे हात

महापालिकेच्या कोणत्याही योजनेआधी शहरात कचऱ्याचे वर्गीकरण चालू होतेच. कचरावेचक ते करीत होते. त्यांत महिलांचे प्रमाण मोठे होते आणि त्यांतील बहुतेक दलित समाजातील, विशेषतः मातंग आणि पूर्वाश्रमीच्या महार कुटुंबांतील होत्या. अनेक कुटुंबे १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून पुण्यात आली होती. शिक्षण नाही, जमीन नाही आणि जातीमुळे अनेक कामांची दारे बंद, अशा स्थितीत कचराकुंडी हा उपजीविकेचा आधार ठरला.

दिवसभर पायपीट करून वेचलेला माल संध्याकाळी भंगारच्या दुकानात विकायचा आणि त्या पैशांत रात्रीची चूल पेटवायची, असा हा क्रम होता. काचेने हात कापणे, कुत्र्यांचे चावे आणि पाठीवरील ओझ्यामुळे जडणारी दुखणी हे नित्याचे होते. त्यात पोलिसांचा संशय आणि रहिवाशांचा तिरस्कार यांची भर पडे. त्यांच्या श्रमांमुळे महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचत होता आणि कारखान्यांना कच्चा माल मिळत होता. परंतु या कामाची नोंद कोणत्याही दप्तरी नव्हती.

संघटनेची पायाभरणी

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या या महिलांपर्यंत पोहोचल्या. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचा त्यांत पुढाकार होता. आरंभी उद्देश साक्षरतेचा होता. परंतु महिलांची पहिली गरज वेगळी असल्याचे लवकरच लक्षात आले. कुंडीतील कुजक्या कचऱ्यात हात घालण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा मिळाला, तर कमाई वाढेल आणि कामाचा त्रासही कमी होईल, हे त्यांना अनुभवातून ठाऊक होते.

त्यानुसार कोरेगाव पार्क परिसरात ओळखपत्र घेतलेल्या काही महिलांनी घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा गोळा करण्यास प्रारंभ केला. प्रयोग रुळत असतानाच त्याच भागात एका खासगी उद्योजकाने मोटारगाडीतून कचरा उचलण्याची सेवा देऊ केली. कचरा गाडीत गेला असता तर या महिलांची रोजीरोटी हिरावली गेली असती. त्यांनी विरोध केला आणि रहिवाशांनी त्यांची बाजू घेतली. एकेका वस्तीत मिळवलेला विश्वास पुरेसा नाही, संपूर्ण शहरात संघटना हवी, हा धडा या प्रसंगाने दिला.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचे अधिवेशन भरले. त्यास आठशेहून अधिक कचरावेचक उपस्थित होते. हमाल पंचायतीचे नेते बाबा आढाव यांचे मार्गदर्शन या प्रयत्नास लाभले. या अधिवेशनातून 'कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत' ही कामगार संघटना उभी राहिली. तिच्या नावातच तिच्या सभासदांचा रोजचा व्यवसाय आहे. कचरा वेचणे ही भीक नसून ते उत्पादक काम आहे, आणि जो हे काम करतो तो कामगार आहे, ही तिची मूळ भूमिका होती.

ओळखपत्र ते करार

संघटनेची पहिली मोठी मागणी ओळखपत्राची होती. १९९० च्या दशकाच्या मध्यावर पुणे महापालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. कागदाचा हा लहानसा तुकडा असला तरी त्यामुळे पोलिसांपुढे उभे राहताना किंवा सोसायटीच्या फाटकातून आत जाताना महिलेला स्वतःचे नाव आणि काम सांगता येऊ लागले. पुढे सभासदांसाठी पतसंस्था सुरू झाली आणि सावकाराच्या चढ्या व्याजातून अनेक कुटुंबांची सुटका झाली. संघटनेने भंगारची दुकानेही चालवली. तेथे वजनकाटा चोख राहील आणि नफ्यातील वाटा सभासदांकडे परत येईल, याची काळजी घेण्यात आली. २००० च्या दशकाच्या आरंभी महापालिकेने कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरण्यास सुरुवात केली.

या मान्यतेमागे आंदोलनांइतकाच आकडेवारीचाही आधार होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने झालेल्या २००१ मधील अभ्यासात असे दिसून आले की, पुण्यातील प्रत्येक कचरावेचक महापालिकेला दरमहा सुमारे २४६ रुपयांचे श्रम विनामूल्य पुरवीत होता. दानाची दिशा उलटी असल्याचे या हिशेबाने दाखवून दिले. शहर कचरावेचकांना पोसत नव्हते. शहरातील सर्वांत गरीब माणसे शहराला अनुदान देत होती.

दरम्यान २००० मध्ये केंद्र सरकारने नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम जारी केले. त्यांत घरोघरी संकलन आणि उगमस्थानी वर्गीकरण यांवर भर होता. हे काम कोणाकडे द्यायचे, हा प्रश्न देशातील प्रत्येक महापालिकेपुढे उभा राहिला. अनेक शहरांनी मोठ्या कंपन्यांना ठेके दिले. पुण्यात संघटनेने कचरावेचकांनाच हे काम द्यावे, असा प्रस्ताव मांडला. २००५ पासून प्रायोगिक स्वरूपात काम झाले. पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था नोंदवण्यात आली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. पूर्णतः कचरावेचकांच्या मालकीची ही देशातील पहिली अशी संस्था मानली जाते.

व्यवस्था कशी चालते?

या व्यवस्थेत साधारणतः दोघींची जोडी दोनशे ते तीनशे घरांची जबाबदारी घेते. ढकलगाडीवर ओल्या आणि सुक्या कचऱ्यासाठी स्वतंत्र बादल्या किंवा पोती असतात. दाराशी कचरा घेतानाच वर्गीकरण झाले आहे की नाही, हे त्या पाहतात. संकलन झाल्यावर ओला कचरा महापालिकेच्या वाहनाकडे सोपवला जातो किंवा सोसायटीतच खड्डा असेल तर तेथे खतासाठी टाकला जातो. सुका कचरा वर्गीकरणाच्या शेडमध्ये जातो. तेथे कागदाचे, पुठ्ठ्याचे, कडक आणि पातळ प्लास्टिकचे, काचेचे आणि धातूंचे प्रकार वेगळे केले जातात.

महिलांचे उत्पन्न दोन मार्गांनी येते. प्रत्येक घराकडून दरमहा सेवाशुल्क मिळते, जे आरंभीच्या काळात दहा-वीस रुपयांच्या घरात होते. दुसरे उत्पन्न सुक्या मालाच्या विक्रीचे. करारानुसार हा माल वेचणाऱ्यांचाच असतो. महापालिका व्यवस्थापन, साधने आणि प्रशिक्षण यांचा काही भार उचलते. वस्त्यांमधील गरीब कुटुंबांच्या शुल्कापोटीही तिने अनुदान दिले आहे.

संस्थेच्या सभासदांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. संस्थेच्या आकडेवारीनुसार तिच्या सभासदांमार्फत वर्षाकाठी सुमारे ऐंशी हजार टन सुका कचरा पुनर्वापराच्या साखळीत पोहोचतो. यांतील प्रत्येक टनामागे डेपोवरील जागा वाचते, वाहतुकीचे इंधन वाचते आणि नव्या कच्च्या मालाची गरज घटते. अ‍ॅल्युमिनियमचे उदाहरण बोलके आहे. खनिजापासून हा धातू तयार करण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्के ऊर्जेत तो भंगारातून पुन्हा तयार होतो.

वजनाचा हिशेब

या व्यवस्थेचे पर्यावरणीय महत्त्व समजून घेण्यासाठी पैशाची वाट पाहावी लागते. ज्या ठेकेदाराला वाहून नेलेल्या कचऱ्याच्या वजनावर मोबदला मिळतो, त्याला कचरा जितका जास्त आणि जितका जड, तितका लाभ अधिक. ओला पुठ्ठा, माती आणि राडारोडा हे सारे त्याच्या दृष्टीने वजनच असते. कचरा कमी व्हावा किंवा वेगळा व्हावा, असे त्याला वाटण्याचे आर्थिक कारण नसते.

कचरावेचकाचा हिशेब नेमका उलटा आहे. डेपोकडे जाणाऱ्या कचऱ्यातून तिला काहीच मिळत नाही. डेपोपासून वाचवलेला प्रत्येक कोरडा कागद आणि प्रत्येक स्वच्छ बाटली हेच तिचे उत्पन्न. त्यामुळे वर्गीकरणाबद्दल ती दाराशी जो आग्रह धरते, त्यामागे पर्यावरणाच्या उपदेशाबरोबरच तिच्या घरचा हिशेबही असतो. शहराचे हित आणि तिचे हित एकाच दिशेने जाते. फलकांवरील घोषणा आणि शाळांतील प्रभातफेऱ्या यांनी जे साधत नाही, ते या जुळणीमुळे रोजच्या रोज साधते.

यासाठी एक अट मात्र अनिवार्य आहे, ती म्हणजे सुक्या कचऱ्यावरचा हक्क. हा हक्क काढून घेतला तर मागे उरते केवळ अल्प मोबदल्याची हमाली. म्हणूनच संघटनेच्या प्रत्येक लढ्यात हा मुद्दा केंद्रस्थानी राहिला आहे.

लाल ठिपक्याची मोहीम

घराघरांतून येणाऱ्या कचऱ्यात वापरलेले सॅनिटरी नॅपकिन आणि बाळांचे डायपर उघडेच टाकलेले असत. ते हाताने वेगळे करणे हा या कामातील सर्वांत अपमानास्पद आणि धोकादायक भाग होता. या वस्तू कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे आत काय आहे ते न उघडता समजेल, असे साधे आवाहन 'स्वच्छ'ने नागरिकांना केले. जुन्या वर्तमानपत्रांपासून खास पिशव्या तयार करून त्यांची विक्रीही महिलांनी सुरू केली.

२०१३ मध्ये याहून धीट पाऊल उचलण्यात आले. वापरलेली नॅपकिन ती बनवणाऱ्या बड्या कंपन्यांकडे परत पाठवण्यात आली. तुमचे उत्पादन वापरानंतर कोणाच्या हातात येते ते पाहा, असा त्यामागील अर्थ होता. २०१६ च्या केंद्रीय घनकचरा नियमांत अशा उत्पादनांसोबत विल्हेवाटीसाठी वेष्टन पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. त्याच नियमांत कचरावेचकांची व्याख्या करण्यात आली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे निर्देश स्थानिक संस्थांना देण्यात आले.

गणेशोत्सवातही संस्थेच्या कामाचे दर्शन घडते. विसर्जनाच्या घाटांवर महिला निर्माल्य स्वीकारतात. फुले आणि पाने खतासाठी जातात, तर प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची सजावट वेगळी काढली जाते. त्यामुळे मुठा नदीत जाणारा काही भार तरी टळतो.

संकटाची वर्षे

कराराची मुदत संपली की प्रत्येक वेळी संस्थेच्या भवितव्याविषयी अनिश्चितता निर्माण झाली. २०१३ मध्ये पहिला करार संपला तेव्हा आणि पुन्हा २०२० च्या अखेरीस हे काम यांत्रिक वाहने असलेल्या ठेकेदारांकडे सोपवावे, असा विचार पुढे आला. घरातून थेट शुल्क घेण्याऐवजी करातून खर्च करावा आणि गाड्यांनी कचरा उचलावा, म्हणजे शहर अधिक आधुनिक दिसेल, असा युक्तिवाद त्यामागे होता. कचरावेचकांनी मोर्चे काढले. अनेक रहिवाशांनी आपल्या दाराशी वर्षानुवर्षे येणाऱ्या महिलांच्या बाजूने महापालिकेला निवेदने दिली. अखेर संस्थेचे काम पुढे चालू राहिले.

त्याच सुमारास कोरोनाच्या साथीने वेगळे संकट आणले. २०२० च्या टाळेबंदीत शहर घरात बसले असताना या महिला अत्यावश्यक सेवा म्हणून दारोदारी जात राहिल्या. भंगारची दुकाने बंद असल्याने वेचलेला माल विकता येत नव्हता आणि उत्पन्नाचा एक आधारच नाहीसा झाला होता. शहराला त्यांची गरज किती आहे आणि त्यांचे संरक्षण किती तोकडे आहे, या दोन्ही गोष्टी त्या महिन्यांत एकाच वेळी स्पष्ट झाल्या.

उणिवाही आहेत

ही व्यवस्था निर्दोष आहे, असे म्हणता येणार नाही. सुट्ट्या, आजारपण किंवा सणासुदीच्या दिवसांत सेवा खंडित होते, अशी तक्रार रहिवासी करतात. दुसरीकडे अनेक कुटुंबे महिनोन्‌महिने शुल्क देत नाहीत आणि तरीही कचरा नेण्याची अपेक्षा ठेवतात. वर्गीकरणासाठी छप्पर असलेली जागा पुरेशी नाही, त्यामुळे पावसाळ्यात सुका माल भिजून भाव गमावतो. हातमोजे आणि बूट मिळाले तरी बोटांनी प्लास्टिकचा प्रकार ओळखण्याच्या या कामात हातमोजे गैरसोयीचे वाटतात आणि जखमा होतच राहतात.

बाजाराचे चढउतार हीदेखील मोठी अडचण आहे. कागद आणि प्लास्टिक यांचे दर दूरवरच्या बाजारांवर ठरतात. ते कोसळले की पुण्यातील गल्लीत ढकलगाडी ओढणाऱ्या महिलेची कमाई घटते. खाद्यपदार्थांच्या चकचकीत, अनेक थरांच्या वेष्टनांना तर भावच नसतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, २०२२ मध्ये केंद्रानेही एकदाच वापरण्याच्या काही वस्तूंवर बंदी घातली. परंतु वेष्टनांचा ओघ थांबलेला नाही. जे विकले जात नाही ते वेचले जात नाही, हा या साखळीचा नियम असल्याने उत्पादकांच्या जबाबदारीशिवाय हा भाग सुटणार नाही.

मुंबई, अंबिकापूर आणि रायपूर

पुण्याबाहेरही असे प्रयत्न झाले आहेत. मुंबईत १९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रीमुक्ती संघटनेने १९९८ मध्ये 'परिसर विकास' हा उपक्रम सुरू केला. कचरावेचक महिलांना खतनिर्मिती, बागकाम आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' तंत्रावरील बायोगॅस प्रकल्पांची देखभाल यांचे प्रशिक्षण देण्यात आले. कचरा उचलणारी महिला कचऱ्यावर प्रक्रिया करणारी तंत्रज्ञ होऊ शकते, हे या उपक्रमाने दाखवले.

छत्तीसगडच्या उत्तर भागातील अंबिकापूर शहराने २०१५ पासून वेगळी वाट धरली. तेथे पुढाकार प्रशासनाचा होता. महिला बचत गटांना घरोघरी संकलनाचे काम देण्यात आले, प्रभागांजवळ वर्गीकरण केंद्रे उभारली गेली आणि कचऱ्याची विभागणी डझनावारी प्रकारांत होऊ लागली. शहराचा जुना, सुमारे पंधरा एकरांचा डेपो बंद होऊन तेथे उद्यान झाले. हा नमुना पुढे राज्यातील इतर लहान शहरांतही नेण्यात आला. २०१९ मध्ये अंबिकापूरमध्ये एक किलो प्लास्टिकच्या बदल्यात जेवण देणारे उपाहारगृहही सुरू झाले.

राजधानी रायपूरने मात्र २०१० च्या दशकाच्या अखेरीस घरोघरीचे संकलन एका खासगी कंपनीकडे सोपवले. शंकर नगरसारख्या वसाहतीतील रहिवाशाला अंबिकापूर आणि पुणे ही दोन्ही उदाहरणे उपयोगी ठरू शकतात. गाडी कोणाचीही असली तरी कचरा घरातच वेगळा झाला नाही, तर मोठ्यात मोठी यंत्रणाही तो केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवते. आणि जुन्या कचरावेचकांना बाजूला सारून उभी राहिलेली यंत्रणा त्यांच्यापाशी असलेले वर्गीकरणाचे ज्ञानही गमावते.

परदेशांतही हाच प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने २००३ मध्ये बोगोता शहरातील कचरावेचकांना सफाईच्या निविदांतून वगळणे अन्याय्य ठरवले. २०११ च्या निर्णयाने त्यांचा हक्क अधिक दृढ केला आणि २०१३ पासून त्यांना शहराच्या सेवेबद्दल मोबदला मिळू लागला. पुनर्वापर ही सार्वजनिक सेवा आहे आणि ती देणाऱ्याला केवळ भंगाराच्या भावावर सोडून देता येणार नाही, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

घराची जबाबदारी

नागरिकांच्या दृष्टीने या सर्व चर्चेतून निघणारी कृती साधी आहे. ओला आणि सुका कचरा स्वयंपाकघरातच वेगळ्या डब्यांत ठेवावा. दुधाच्या पिशव्या आणि डबे पाण्याने विसळून सुके करावेत, कारण स्वच्छ मालाला अधिक भाव येतो. दुधाची पिशवी उघडताना तिचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये, कारण तो नखाएवढा तुकडा पुन्हा कोणाच्याच हाती लागत नाही. फुटलेली काच जाड कागदात बांधून, खूण करून द्यावी. सॅनिटरी कचरा गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा.

जागा असल्यास ओल्या कचऱ्याचे खत घरी किंवा सोसायटीत करता येते. छिद्रे असलेल्या डब्यात किंवा विटांच्या हौदात ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर वाळलेल्या पानांचा थर, अशी रचना करावी आणि आठवड्यातून एक-दोनदा ढवळावे. हवा खेळती राहिली तर दुर्गंधी येत नाही आणि दोन-तीन महिन्यांत मातीच्या वासाचे काळसर खत तयार होते. अन्न फार ओले असेल तर वाळलेली पाने वाढवावीत.

यासोबतच सेवाशुल्क वेळेवर देणे हीदेखील पर्यावरणाची कृती आहे, याचे स्मरण असावे. ते शुल्क मिळाले नाही तर ढकलगाडी थांबते, ढकलगाडी थांबली तर वर्गीकरण थांबते आणि मग सारा कचरा पुन्हा त्या जुन्या ढिगाकडे जातो.

पुणे शहराची हद्द २०१७ आणि २०२१ मध्ये नव्या गावांच्या समावेशाने मोठ्या प्रमाणात वाढली. या नव्या भागांत घरोघरीचे संकलन कोण करणार, तेथील सुका कचरा कोणाचा असणार, हे प्रश्न पुढील प्रत्येक करारात पुन्हा उपस्थित होतील. त्यांचे उत्तर देताना वाहनांची संख्या आणि निविदेतील दर यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट मोजावी लागेल. कचऱ्यातून शहराला वाचवण्यात ज्यांचा रोजचा स्वार्थ आहे, अशी माणसे व्यवस्थेत राहिली आहेत की नाहीत, ही ती गोष्ट होय.